एका नंबरावरची सात माणसं

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद झाले आणि आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. खाली लिहिलं होतं, कृपया वाट पाहा. ओपीडी माणसांनी भरलेली होती. काउंटरवरच्या रेखाने फोन उचलला, ११४ फिरवला आणि मग स्वतःशीच हसून खाली ठेवला. ११४वर कुमुददीदी असायच्या. त्यांना हॉस्पिटल सोडून दोन वर्षं होत आली. माझाही हात फोनकडे गेला होता, पण ते मी रेखाला सांगितलं नाही.

कुमुद घारपुरे हे त्यांचं नाव. सिविल लाइंसमधलं आमचं हॉस्पिटल तेव्हा एका ट्रस्टचं होतं आणि त्यात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. वडील फॅक्टरीत फिटर. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळा हिंदी. हॉस्पिटलात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला कोणी हात लावेना. हेडक्लार्कने 'हिला टायपिंग येतं, हेही येईल' म्हणून तो त्यांच्या टेबलावर ठेवून दिला. मी रेकॉर्ड विभागात आलो तोवर टायपिस्टची जागा कधीच रद्द झाली होती आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंतची सगळी मशीनं दीदींकडे होती. कॉम्प्युटर हा शब्द त्या कागदावर लिहीत. बोलताना मशीनच म्हणत.

उंच, सडपातळ, सुती साडी, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत दाढीचा एक मऊ ब्रश असे, धूळ झाडायला. रुमालात गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर असे आणि पांढरी चिकटपट्टी. त्या पट्टीवर नाव लिहून त्यांनी प्रत्येक मशीनवर डकवलं होतं, आणि नावं सगळी नद्यांची. ओपीडीत नर्मदा, लॅबमध्ये गौर, एक्स-रेत हिरण, माझ्या टेबलावर परियट. इथल्या नद्या संपल्यावर त्या खाली विदर्भात उतरल्या, वैनगंगा आणि कन्हान घेतली. त्यामुळे आमच्याकडे 'हिरण बंद पडली' आणि 'वैनगंगेला प्रिंटर दिसत नाही' अशी वाक्यं रोज ऐकू येत. नवीन डॉक्टर आठवडाभर बावरत, मग तेही तसंच बोलू लागत.

तक्रार ऐकायची त्यांची एक पद्धत होती. कोणी 'हँग झालं' म्हटलं की त्या थांबवत.

"हँग म्हणजे काय झालं? बाण हलून राहिला का? घड्याळातला मिनिट बदलला का? त्याच्या आधी तुम्ही काय करत होते?"

मग एका लांब वहीत त्या तक्रार लिहून घेत, समोरच्याच्या शब्दांत. ती वही मी पाहिली आहे. 'सिस्टर ज्योती: डब्बा सो गया.' 'रेखा: नाम डालो तो दूसरा नाम आता है.' आणि माझी, 'पेंडसे: सकाळपासून रुसली आहे.' शेजारी त्यांनी काय केलं ते, आणि काम पुरं झालं की लाल पेनाने एक बरोबरची खूण. खूण नसलेली ओळ त्यांना सहन होत नसे. मागची पानं उलटून त्या जुन्या तक्रारीचं विचारायला येत, तेव्हा तक्रार करणाऱ्याला स्वतःची तक्रार आठवत नसे.

आमच्याकडे एक मोठे सर्जन होते. हात सोन्याचा, आवाज लोखंडाचा. एकदा त्यांच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. पडद्यावर ओळीमागून ओळी आपोआप सरकत होत्या आणि डॉक्टरसाहेब टेबलावर मूठ आपटत होते. एका फाइलीसाठी मी तिथे गेलो होतो, तो अडकून पडलो. दीदी आल्या. शांतपणे म्हणाल्या, "सर, पहले आप बैठिए. पानी पीजिए." डॉक्टर पाणी पीत असताना त्यांनी कीबोर्डच्या कोपऱ्यावर पडलेली एक जाड फाइल उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली. ओळी थांबल्या. दोन मिनिटं त्या उगीच इथेतिथे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "हो गया सर."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दीदी, फाइल दाबून बसली होती ना बटणावर? सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं पुढच्या वेळी मला बोलावलं नसतं त्यांनी," दीदी म्हणाल्या. "स्वतःच ठोकत बसले असते. मला मशीन सांभाळायची आहे, पेंडसे."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या दुपारी दार लावून बसत. हॉस्पिटलची सगळी माहिती रोज एका वेगळ्या पेटीत उतरवली जाई, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान नसे. "ठेवलं म्हणजे झालं नाही. परत काढून पाहिलं म्हणजे झालं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून महिन्यातून एकदा ती पेटी एका रिकाम्या मशीनवर ओतून त्या पाहत. नीट उतरली की संध्याकाळी फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जलेबी आणत आणि सगळ्या विभागांत वाटत. एका महिन्यात जलेबी आली नाही. आम्ही चेष्टा केली. पुढचे तीन दिवस त्या जेवणाचा डबा न उघडता घरी परत नेत होत्या, हे सिस्टर ज्योतीला दिसलं. चौथ्या दिवशी जलेबी आली.

मग ट्रस्टने हॉस्पिटल एका मोठ्या कंपनीच्या हाती दिलं. इमारतीला रंग लागला, बाकं गेली, खुर्च्या आल्या आणि कामाचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं. जुनं सॉफ्टवेअर मदन महलकडे राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं होतं. त्यात दीदींनी पंधरा वर्षं सांगून सांगून सुधारणा करून घेतल्या होत्या. ते दिसायला गबाळं होतं, पण आमच्या हाताचं होतं. नवीन सॉफ्टवेअर हेड ऑफिसने घेतलं होतं, देशभरातल्या आपल्या सगळ्या हॉस्पिटलांसाठी एकच.

नव्या कारभारात पहिली गेली ती नद्यांची नावं. प्रत्येक मशीनला अक्षरं आणि आकडे मिळून चौदा खुणांचा एक कोड मिळाला. दीदींनी दोन दिवसांत सगळे कोड नीट छापून डकवले. जुन्या पट्ट्या काढल्या. आदेश आला की त्या तो पाळत, त्यात कुरकुर नसे. आम्ही मात्र परियटला परियटच म्हणत राहिलो.

दुसरी गोष्ट म्हणजे पासवर्ड. तो दर महिन्याला बदलायचा आणि मागच्यासारखा ठेवायचा नाही. सिस्टरांनी तो पडद्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायला सुरुवात केली. धूळ झाडताना दीदींना ते दिसत असणारच. तिसरी गोष्ट, मशीनांची दुरुस्ती दुरून होऊ लागली. हेड ऑफिसात कोणी बटण दाबलं की आमची मशीनं बंद होऊन पुन्हा सुरू होत, आणि ती वेळ होती सकाळी अकराची. दीदींनी मेल लिहिली की अकरा ही आमच्याकडे ओपीडीची सगळ्यात गर्दीची वेळ आहे, दुपारी चार केलं तर बरं. उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. अकरा काही बदलले नाहीत.

तक्रार करायची पद्धतही नवीन होती. तक्रार लिहिली की तिला एक क्रमांक मिळे, त्याला तिकीट म्हणत. चार दिवसांनी ते तिकीट बंद झाल्याचा निरोप येई. काम झालेलं असो वा नसो.

"तिकीट काढायचं, गाडीची वाट पाहायची नाही," दीदी एकदा म्हणाल्या. एवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून हेड ऑफिसबद्दल चेष्टेचं ऐकलं.

खरी अडचण दुसरीच होती, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली. सॉफ्टवेअर शिकवायला हेड ऑफिसहून मेहता नावाचे एक तरुण साहेब आले होते. हुशार, नम्र, भराभर बोलणारे. त्यांनी दाखवलं की रुग्णाचा मोबाइल नंबर टाकला की त्याची सगळी जुनी माहिती पडद्यावर येते. एक नंबर, एक रुग्ण.

दीदींनी हात वर केला. "सर, एक नंबर पर दो मरीज़ हों तो?"

"मैडम, आजकल हर आदमी के पास अपना मोबाइल है."

"आदमी के पास है सर," दीदी म्हणाल्या. "उसकी माँ के पास, बीवी के पास, बच्चे के पास नहीं है. हमारे यहाँ मंडला से, डिंडोरी से लोग आते हैं. पूरे घर का एक फ़ोन होता है."

मेहतांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा पडदा दाखवला.

सुरू झाल्यावर व्हायचं ते झालं. काउंटरवर एखाद्या बाईसाठी नवऱ्याचा नंबर टाकला की पडद्यावर नवऱ्याचं नाव येई. नवीन रुग्ण लिहायला सॉफ्टवेअर जागाच देत नसे. 'माहिती बदला' एवढं एक बटण असे. मागे पन्नास माणसं उभी. मग रेखा नाव बदले, वय बदले आणि पुढे जाई. नाव बायकोचं होई, खालचे जुने रिपोर्ट नवऱ्याचेच राहत. माझ्या रेकॉर्ड विभागात एका आठ वर्षांच्या मुलाच्या नावाखाली मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आम्ही हसलो. दीदी हसल्या नाहीत. त्यांनी परियटवरून त्या पानाचा छापील कागद काढला आणि पिशवीत ठेवला.

त्यांनी तिकीट काढलं. बंद झालं. शेरा होता, सॉफ्टवेअर ठरवल्याप्रमाणे काम करत आहे. पुन्हा काढलं, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्यांदा तोच.

मग त्यांनी एक उपाय शोधला. सॉफ्टवेअर फक्त दहा आकडे मोजत होतं, नंबर खरा आहे की नाही ते पाहत नव्हतं. दीदींनी काउंटरवर एक वही ठेवली. ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही त्याला शून्यांनी सुरू होणारा एक नंबर द्यायचा, वहीत नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं. तोच नंबर एका चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या हाती द्यायचा. रेखाने त्या वहीला नाव दिलं 'शून्याची वही'. चार महिने सगळं सुरळीत चाललं. मुलाचा मोतीबिंदू त्याच्या आजोबांकडे परत गेला.

हेड ऑफिसच्या तपासणीत ते शून्याचे नंबर सापडले. पत्र आलं. आपल्या शाखेत खोटे नंबर भरले जात आहेत, त्यामुळे रुग्णांना संदेश जात नाहीत आणि शाखेच्या माहितीचा दर्जा घसरला आहे, हा प्रकार ताबडतोब थांबवावा. शून्याने सुरू होणारा नंबर घेऊ नये असा बदल दीदींनीच आपल्या हाताने मशीनांत करायचा होता.

त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या उत्तर लिहीत होत्या. इंग्रजी त्या जपून लिहीत, प्रत्येक वाक्य दोनदा वाचत. मला पडदा वळवून दाखवला. शेवटी लिहिलं होतं की या बदलामुळे कधीतरी एखाद्या रुग्णाला इजा होईल, हे वाक्य आपण वाचलं आहे असं कृपया कळवावं.

"हे जरा जास्त नाही का होत, दीदी?" मी म्हटलं.

"जास्त काहून? होणार आहे ते लिहून राहिली मी."

उत्तर आलं, नोंद घेतली आहे. दीदींनी ते छापून घेतलं आणि त्याच दुपारी बदल केला. मी विचारलं, आणखी काही दिवस लांबवता आलं नसतं का? त्या म्हणाल्या, "आदेश आहे. मी नाही केलं तं ते दुरून करतील. मग कधी केलं, कोणी केलं, हे आपल्याला समजणार पण नाही."

इजा व्हायला फार दिवस लागले नाहीत.

कुंडमच्या पलीकडच्या एका गावातली फूलवतीबाई नावाची म्हातारी पूर्वी आमच्याकडे दाखल होती. तिला एका इंजेक्शनचा त्रास झाला होता आणि तशी नोंद तिच्या नावावर होती. नंबर अर्थात मुलाचा. शून्याचे नंबर बंद झाल्यावर त्याच नंबरावर तिची सून बाळंतपणाला आली. रेखाने नाव बदललं. बाळंतपणाच्या वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी नोंद पाहून सुनेला विचारलं, तुला इंजेक्शनचा त्रास होतो का? ती नाही म्हणाली. खरंच तिला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी नोंद काढून टाकली. त्यांचंही बरोबर होतं. मग दोन महिन्यांनी म्हातारी पायाला चिघळलेली जखम घेऊन, तापाने फणफणलेली आली. नाव पुन्हा बदललं गेलं. वॉर्डातल्या डॉक्टरने पडदा पाहिला. त्रासाच्या रकान्यात 'नाही' होतं. म्हातारी तापात काय बोलत होती ते कोणाला समजत नव्हतं आणि मुलगा खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभा होता.

तेच इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात तिचा चेहरा सुजला, श्वास अडकला. सिस्टर ज्योती शेजारीच होती आणि डॉक्टर अजून वॉर्डातच होता म्हणून पुढचं सगळं वेळेत झालं. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून चहा मागितला.

कुमुददीदी ते दोन दिवस आपल्या खोलीत मशीनसमोर बसून होत्या. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी काय बदललं, याची नोंद सॉफ्टवेअर आत कुठेतरी ठेवत असतं. ती त्यांनी शोधून काढली आणि ओळीने छापली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या वॉर्डात गेल्या. मी फाइल द्यायला तिथे होतो. म्हातारी झोपली होती. मुलगा खाटेशी जमिनीवर बसला होता, तिशीचा असेल. तो उठून उभा राहिला.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं भैया. मैं कंप्यूटर देखती हूँ."

"तो यहाँ आपका क्या काम?"

दीदींनी म्हातारीकडे पाहिलं. "इन्हीं को देखने आई थी," त्या म्हणाल्या. मग त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या, वही काढली आणि विचारलं, तुझा फोन घरात कोण कोण वापरतं? तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. तो स्वतः, आई, बायको, दोन मुलं, एक विधवा बहीण, म्हातारा काका. सात माणसं. प्रत्येकाचं नाव, वय. म्हाताऱ्या काकाचं नाव त्याला लगेच आठवेना, सगळे त्याला बड्डाच म्हणत. दीदी पेन धरून थांबल्या, त्याला आठवेपर्यंत.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. मेहता आले, त्यांच्यासोबत मनुष्यबळ विभागाच्या एक बाई आल्या. आमचे प्रशासक श्रीवास्तव सर होते. रेकॉर्ड माझ्या ताब्यात म्हणून मला बसवलं होतं. रेखा दाराबाहेर खुर्चीवर बसली होती. ती कंत्राटावर होती आणि नाव बदलणारा हात तिचा होता. कागद तयारच होता. तिच्याकडून चूक झाली, तिचं काम थांबवण्यात येत आहे. ते वाचून झाल्यावर श्रीवास्तव सरांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचं आहे का?

मी त्या खोलीत होतो. मोतीबिंदूचा कागद मी पाहिला होता, शून्याची वही मला माहीत होती. मी काही बोललो नाही. माझी नोकरी पक्की होती, तरी बोललो नाही.

दीदी म्हणाल्या, "मुझे कहना है सर."

त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला, त्यावर ती सात नावं. "ये सात लोग हैं. एक घर के. आपके सिस्टम में ये एक मरीज़ है."

मग त्यांनी दुसरे कागद मांडले, एकाखाली एक. आवाज नेहमीचाच, तक्रार वाचून दाखवावी तसा. "नाम रेखा ने बदला, सही है. नया नाम लिखने का रास्ता सिस्टम ने नहीं दिया, ये भी सही है. शून्य वाला रास्ता था. वो मैंने बंद किया, अपने हाथ से, इस तारीख को. आदेश ये रहा, और मेरी चिट्ठी ये रही. सर, गलती लिखनी है तो तीनों लिखिए. रेखा, मैं, और हेड ऑफिस. नहीं तो किसी की मत लिखिए."

मनुष्यबळाच्या बाईंनी विचारलं, "मैडम, आप अपना नाम खुद लिखवा रही हैं?"

"काम मैंने किया है. नाम भी मेरा ही आएगा."

मेहता दीदींचं पत्र वाचत होते. त्यांनी शेवटचं वाक्य बोटाने धरून पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते पत्र त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं, असं ते नंतर मला जिन्यात म्हणाले. मला ते खरं वाटलं.

रेखाचा कागद फाडला गेला. कोणाचंच नाव लिहिलं गेलं नाही. अहवालात 'प्रक्रियेतील त्रुटी' असे शब्द आले. मात्र महिन्याभरात दीदींना एक पत्र मिळालं. यापुढे मशीनांची देखभाल मध्यवर्ती केंद्रातून फोनवर होईल, आणि त्यांनी तळघरातल्या जुन्या, निकामी सामानाची यादी करावी. ११४ काढून घेतला.

त्यांनी यादी केली. सात-आठ महिने त्या रोज तळघरात जात. मी कधीतरी चहा घेऊन जाई. तिथे जुने पडदे, कीबोर्ड, तारांचे ढीग होते आणि त्यात दीदी ब्रशने धूळ झाडत बसलेल्या. निकामी वस्तूची धूळ कशाला झाडायची, असं मी विचारलं. म्हणाल्या, "निकामी आहे की नाही, हे धूळ निघाल्यावरच समजते ना."

एकदा मी चिडून म्हणालो, "दीदी, राग येत नाही तुम्हाला?"

त्या ब्रश झटकत म्हणाल्या, "येते. पण कोणावर करू? मेहता चांगला पोरगा आहे. श्रीवास्तव सर काही वाईट नाहीत. जे ठरवते त्याला चेहराच नाही. इतकं शोधलं, मला नाही सापडला."

त्या काळात एक दिवस नवीन सुधारणा आली. नंबराखाली आता एक जास्तीची ओळ होती, 'याच नंबरावर कुटुंबातील दुसरी व्यक्ती जोडा'. सोबत हेड ऑफिसचं पत्रक होतं. त्यात ही कल्पना आमच्या कुशल चमूने रुग्णांच्या गरजा ओळखून विकसित केली, असं लिहिलं होतं. मी ते पत्रक घेऊन तळघरात गेलो. दीदींनी ते वाचलं, घडी केली, आणि म्हणाल्या, "चला, पाहू."

वर येऊन त्या रेखाच्या शेजारी बसल्या. रेखाला बाजूला सरकायला सांगितलं आणि फूलवतीबाईच्या घरातल्या सातही माणसांची नावं एका नंबराखाली भरून पाहिली. प्रत्येकाचं पान वेगळं उघडलं. मग दोनदा मागे-पुढे जाऊन पाहिलं, एक नाव बदलून पाहिलं, ते दुसऱ्याच्या पानात शिरत नाही ना ते पाहिलं.

"बरोबर चालून राहिलं," त्या म्हणाल्या.

लांब वही काढून त्यांनी फार मागचं, एका नंबराच्या तक्रारीचं पान शोधलं. लाल पेनाने त्या ओळीपुढे खूण केली. रेखा पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दीदींच्या नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. तळघराची यादी पूर्ण करून, सही करून, किल्ली श्रीवास्तव सरांच्या टेबलावर ठेवून गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, मागच्या थंडीत. रविवारी सकाळी मी सदर बाजारात काही सामान घ्यायला गेलो होतो. दुकानं उघडायची होती म्हणून मागच्या मैदानाकडे चालत गेलो. मैदानाभोवती फौजी पोरं धावत होती. मधल्या मोकळ्या जागेत एक बाई स्कूटी शिकत होती. सलवार-कुर्ता, डोक्याला हेल्मेट, दोन्ही पाय बाजूला पसरलेले, जमिनीपासून इंचभर वर. काठावर एका झाडाखाली दीदींचे यजमान बसले होते, हातात थर्मास. त्यांना मी ओळखलं, तेव्हा कुठे स्कूटीवर कोण आहे ते समजलं.

दीदी वळण घेऊन माझ्याकडे आल्या. मला पाहिलं. स्कूटी हळू झाली, पण थांबली नाही.

"पेंडसे, चालत या सोबत," त्या म्हणाल्या. "थांबली की मला पुन्हा निघता येत नाही."

मी त्यांच्या बाजूने चालू लागलो, मग जरा पळू लागलो. त्यांनी रेखाचं विचारलं. रेखा आता पक्की झाली, असं मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या, आणि पुढच्या चाकाकडे पाहत राहिल्या. त्यांनी मशीनांचं काही विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण धाप लागली होती.

"काहून पळून राहिले? जा तुम्ही, दुकानं उघडली असतील," त्या म्हणाल्या. मग दोन्ही पाय उचलून पायरीवर ठेवले. स्कूटी एकदा डावीकडे झुकली, सावरली आणि सरळ झाली. झाडाखाली त्यांचे यजमान उठून उभे राहिले. त्या मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेल्या, तिथल्या भिंतीशी मोठं वळण घेतलं, आणि धावणाऱ्या पोरांच्या मागून परत येऊ लागल्या.